दोन बोटं माया

मेडिकलच्या शेवटच्या यादीतही माझं नाव नव्हतं. दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेऊन आले.

"प्रॅक्टिकलला पांढरा एप्रन लागतो," मी आईला सांगितलं.

शिलाई मशीनवरून उठून तिने कपाटातला एप्रन काढला. दहावीत मी डॉक्टर व्हायचं म्हटलं, तेव्हाच शिवून ठेवलेला. आता बाह्या आखूड होत होत्या.

"दोन बोटं माया ठेवलीय आत. पोरं वाढतातच," म्हणत तिने टाके उसवले. दुमडलेलं कापड सुटलं, बाह्या मनगटापर्यंत आल्या.

खिशावर माझ्या नावाआधी 'डॉ.' भरलेलं होतं.

"हेही उसव ना," मी ओशाळून म्हणाले.

"पीएचडी झालेल्यांना काय म्हणतात गं?"

मला हसूच फुटलं.

आईने कात्री ठेवली. "मग राहू दे. तीही मायाच. वाढशील तेव्हा लागेल."