बुधवारच्या प्रार्थनेतला शब्द

"आपला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला!" व्हर्जिल सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. "नेल्डा, ऐकलंस का? झाला!"

"ऐकलं. सगळ्या खोऱ्याने ऐकलं," त्याची बायको म्हणाली. तिने मक्याचा गरम पाव टेबलावर ठेवला. "आता ऑटिसकडे कधी जातोस?"

व्हर्जिलने टीव्हीचा आवाज कमी केला.

बाहेर चर्चची घंटा वाजत होती. एरवी ती रविवारशिवाय वाजत नसे. रस्त्याने पिकअप गाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या. व्हर्जिल त्या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा सेवक होता. गर्भपातात जाणाऱ्या, जन्माला न आलेल्या लेकरांसाठी, शाळेतून हद्दपार झालेल्या प्रार्थनेसाठी त्याने वर्षानुवर्षं गुडघे टेकले होते. लोक त्याला हसले होते. आज देवाने ऐकलं होतं. पहाटे निकाल कळला तेव्हा त्याला वाटलं, गोठ्यात जाऊन गायींनाही सांगावं. आणि तो खरोखरच सांगून आला होता.

अडचण एवढीच होती, की देवाने अटीसकट ऐकलं होतं.

त्यांच्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची. माणूस उभा राहून सगळ्यांदेखत, मोठ्याने देवाशी बोलायचा. मागच्या महिन्यात व्हर्जिल उभा राहिला आणि बोलता बोलता भरात आला. "प्रभो, एवढा विजय दे. मी माझ्या धाकट्या भावाच्या दारात आपल्या पायांनी जाईन. माफी मी मागेन." सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं. फक्त नेल्डाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. देवाला काहीतरी जड जाईल असं द्यावं म्हणून तो बोलून गेला होता. याहून जड त्याच्यापाशी काही नव्हतं.

हा धाकटा भाऊ, ऑटिस, टेकडीपलीकडे एकटा राहायचा. गिरणीतला जुना युनियनवाला. "मला पुराल तेव्हा आमच्याच पक्षाचा बिल्ला छातीवर लावा," असं तो ज्याला त्याला सांगायचा. आईला पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती. तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "व्हर्जिल, तुझा देव हल्ली मतपेटीत राहतो." व्हर्जिलने ताट बाजूला सारलं. "आजपासून मला भाऊ नाही," तो म्हणाला. पुढे ऑटिसची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं. व्हर्जिलने गाडी दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेली. बराच वेळ तो तिथे बसून राहिला आणि तिथूनच परतला.

काल मतदानाच्या वेळी दोघं समोरासमोर आले. मतदान त्याच हॉलमध्ये होतं. ऑटिस काठी टेकत बाहेर पडत होता. त्याने टोपी काढली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "भेटूच, डीकनसाहेब." व्हर्जिलने दात आवळले. डिवचायची त्याची खोड काही जायची नाही, असं त्याला वाटलं.

"आज नको," तो आता नेल्डाला म्हणाला. "तो हरलाय. आज दारात गेलो तर त्याला वाटेल, चिडवायला आलो."

"वाटू दे. शब्द देवाला दिलायस ना? मग देवाने तुला थांबायला लावलं का? निकाल पहाटेच दिला की त्याने!" तिने अर्धा पाव कापून फडक्यात बांधला. "हा घेऊन जा. माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये."

ऑटिसच्या कुंपणावर हरलेल्या पक्षाचा फलक अजून तसाच होता. व्हर्जिलने गाडी थांबवली आणि आतच बसून राहिला. दवाखान्याच्या फाटकाशी बसला होता, तसाच. घंटेचा आवाज टेकडीच्या इकडेही येत होता. एवढं मागितलं आणि एवढं मिळालं, त्याच्या मनात आलं, आणि मला चार पायऱ्या चढवत नाहीत? तो उतरला.

त्याने दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. ऑटिसने दाढी केली होती. अंगात रविवारचा सदरा होता. मागे टेबलावर कॉफीचे दोन कप वाफाळत होते.

"उशीर केलास, थोरल्या."

"ऑटिस, मी चिडवायला आलो नाही. आईला पुरलं त्या दिवशी मी जे बोललो—"

"आत ये आधी. पाव गार होतोय."

"मला बोलू दे. चुकलो मी. दवाखान्यातसुद्धा आलो नाही."

"फाटकापर्यंत आला होतास. नर्सने खिडकीतून दाखवली मला तुझी लाल गाडी. मी तिला म्हटलं, हे हट्टी खेचर आत नाही यायचं."

व्हर्जिल रडता रडता हसला. मग तो खुर्चीत बसला. ऑटिस पाव कापू लागला. आई भांडी घासताना म्हणायची ते गीत तो गुणगुणत होता. व्हर्जिल त्याच्याकडे बघतच राहिला.

"हरलेल्या माणसाच्या घरात एवढी खुशी?"

"हरलो कुठे? काल मी तुमच्याच माणसाला मत दिलं."

व्हर्जिलचा कप हातातच राहिला. "तू? जन्मात कधी दिलं नाहीस ते?"

"तू बुधवारी देवाला जे सांगितलंस, ते गुरुवारी न्हाव्याच्या दुकानात माझ्या कानावर आलं." ऑटिसने पावाचा मोठा तुकडा भावाच्या बशीत ठेवला. "माझा देवावर भरवसा आहे रे. पण तुला माझ्या दारात आणायचं, एवढं मोठं काम त्याच्या एकट्यावर कसं सोडू?"