फोटो घराबाहेर जाण्याआधी

राउटरची वायर काढून मी दादाच्या हातात दिली. “आता बोल. फोटो घराबाहेर जाईल कुठून?”

जन्मापासून मला दिसत नाही. आज मुलाकडच्यांना माझा फोटो पाठवायचा होता. “मस्त आलाय,” दादा म्हणाला होता. पण तो प्रत्येक फोटोला हेच म्हणतो. ब्राउझरमध्ये आलेल्या एआयला फोटोत काय दिसतं ते विचारते म्हटलं, तर दादा म्हणे, “बहिणीचा फोटो कुठल्या कंपनीकडे पोचायला नको. ब्राउझरला कशाला हवीत ही थेरं?”

“ते सगळं याच लॅपटॉपमध्ये चालतं,” मी सांगून थकले. म्हणून वायर.

मी बटण दाबलं. लॅपटॉपचा पंखा घरघरला. मग लॅपटॉप बोलू लागला:

हिरवी साडी नेसलेली तरुणी.
हसते आहे.
केसांत अबोलीचा गजरा.
मागे दोरीवर पुरुषाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळते आहे.

मी दादाकडे वळले.

“ती तुझीच ना?”

“हो.”

“पाठवलास का रे आधीच?”

“नाही गं. तुझ्या होकारासाठी थांबलो होतो.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग आधी दोरी रिकामी कर. फोटो पुन्हा काढू. वायर नंतर लाव.”