चौथ्या ग्लासातलं फूल

चौथ्या ग्लासावरचं झाकण काढून त्याने नाक आत घातलं आणि डोळे मिटून घेतले.

"राख," तो म्हणाला. "ओला दोर. डांबर." समोर बसलेल्या लॅबच्या बाई एकेक शब्द तक्त्यात उतरवत होत्या. मग तो थांबला, ग्लास थोडा लांब नेला, परत जवळ आणला. "आणि फूल."

बाईंचं पेन थबकलं. दलदलीतली माती वाळवून जाळायची, तिच्या धुरावर धान्य सुकवायचं आणि त्याची व्हिस्की लाकडी पिंपात बारा वर्षं निजवायची, असा कंपनीचा धंदा. दवाखाना, जळकं रबर, विझलेली शेगडी, ज्या वासांपासून माणूस एरवी नाक दाबून पळ काढतो ते सगळे इथे कौतुकाने शोधले जायचे. त्यात फूल म्हणजे उंबराचं फूलच.

"पांढरं फूल," तो डोळे न उघडता म्हणाला. "धुराच्या पाठीमागे उभं आहे. बाई, सव्वीस वर्षांत मला हे मिळालेलं नाही. पहिले तीन बाजूला ठेवा. बाटल्यांत भरायचं ते हेच पिंप."

बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्याच्या पाठीमागे, दारात, त्याची बायको उभी होती. पायाशी एक बॅग होती.

"ते पिंपातलं नाही," बायको म्हणाली. "मी सेंट लावलाय."

त्याने डोळे उघडले. कंपनीत त्याला सगळे 'नाक' म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यालाही ते आवडायचं. त्या नाकापायी घरात बिनवासाचा साबण होता, कांदा परतायचा तो हे दौऱ्यावर गेले की, आणि मुलगी कधी पावडर लावून जेवायला आली तर तिचं ताट गॅलरीत जायचं. सेंटची बाटली बायकोने कालच घेतली होती, लग्नानंतर पहिल्यांदा. दुकानदाराने चार-पाच हुंगायला दिल्या. आपल्याला कोणता वास आवडतो तेच तिला सांगता येईना. शेवटी तिसरी घेतली.

"अगं, इथे वास लावून येत नाहीत," तो म्हणाला.

"माहितीये. सव्वीस वर्षं माहितीये." तिचा आवाज चढलेला नव्हता. उद्या पाणी येणार नाही हे सांगावं तसं तिने सांगितलं, "मी ताईकडे चाललेय. राहायला. दोनची गाडी आहे."

"परत कधी?"

"ते ठरवलेलं नाही."

बाई उठायला लागल्या. बायकोने त्यांना बसा अशी खूण केली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरं तर चिठ्ठी लिहून ठेवता आली असती, फोनही करता आला असता. 'जाऊ नकोस' एवढं तो म्हणतो का, ते बघायला ती वाट वाकडी करून आली होती. म्हणाला असता तर राहिली असती का, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

तो ग्लासांकडे बघत होता. पाचवा अजून झाकलेला होता. या वेळी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं आत झालं होतं.

"अर्धा तास थांबतेस?" त्याने विचारलं.

तिने बॅगेकडे गेलेला हात मागे घेतला. "थांबते की."

"बाहेर थांब. म्हणजे खोली मोकळी होईल. पाचवा राहिलाय."

ती हसली. रागावून नाही, टोमणा म्हणूनही नाही. दुकानात नाहीच मिळणार हे माहीत असताना एकदा विचारून बघितल्यासारखं तिचं झालं होतं. तिने बॅग उचलली.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "कांदा परतलाय. घरात वास येईल जरा."

तिच्यामागे दार लागलं. बाईंनी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि पंखा लावला. परका वास शिरला की अर्धा तास खोली उघडी ठेवायची, हा नियम त्यानेच घालून दिलेला. बाहेरचं बाकडं खिडकीतून दिसत होतं. त्यावर कुणी बसलं नाही. थोड्या वेळाने खालचं फाटक वाजलं. तो जागचा हलला नाही, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसून राहिला. बाईंना त्याच्याशी काहीतरी बोलावंसं वाटलं. पण सोळा वर्षांत दोघं वासांखेरीज दुसरं काही बोललेले नव्हते, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्यांना सुचलं नाही.

"झाला अर्धा तास, सर," शेवटी त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाचवा ग्लास पुढे सरकवला.

त्याने चौथाच उचलला. नाक आत घातलं. "राख," तो म्हणाला. "ओला दोर. डांबर."

हे तक्त्यात आधीच लिहिलेलं होतं. बाईंनी त्याखालच्या शब्दावर पेन टेकवलं. "फूल खोडू ना, सर?"

त्याने ग्लास थोडा लांब नेला.

"गेला ना तो वास?"

"गेला," तो म्हणाला, आणि ग्लास परत नाकाशी नेला.