काल्यातलं दही

काल्याचं कीर्तन अगदी रंगात आलं होतं आणि उद्धव गुरुजी चपला न काढताच मांडवात शिरले. शाळेत विज्ञान शिकवणारे शांत गृहस्थ. त्यांना असं घामाघूम झालेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. बायकांतून वाट काढत ते कौशल्याबाईपाशी आले आणि वाकले.

"काकू, कपिलेच्या गव्हाणीतलं कुटार कुठचं हाय?"

"तुमचंच तं हाय, गुरुजी." कौशल्याबाईच्या टाळ्या चालूच होत्या. "नाल्यावरच्या ड्रमातलं. वाळवून पोत्यात भरता ना, थे. नेलं टोपलं टोपलं."

"काऊन नेलं पण? त्याच्यात शिसं हाय ना!"

"शिसं तं पान्यात होतं न जी. तुमीच सांगतलं ग्रामसभेत, सोयाबीनचं कुटार पानी चोख करते म्हून."

"करते. पान्यातलं शिसं थे आपल्या अंगात ओढून घेते. पानी सुटते, अन् कुटाराचं इख होते, काकू."

कौशल्याबाईचे हात थांबले. जन्मभर कीर्तनात तिनं ऐकलं होतं ते निराळं. जे दुसऱ्याला पवित्र करतं, ते स्वतः आधी पवित्र असतं. तुळस घ्या, गंगा घ्या, संतांच्या पायाची धूळ घ्या. गावाजवळच्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याचं नाल्यात येणारं काळं पाणी गुरुजींच्या ड्रमातल्या ज्या कुटारातून, सोयाबीनच्या भुशातून, नितळ होऊन निघतं, ते पोत्यात बेवारशी पडलेलं तिला बघवलं नव्हतं. गाईच्या तोंडी द्यायला याहून चांगलं काय असणार? पहिलं टोपलं गव्हाणीत रिकामं करताना तिनं त्या कुटाराला हात जोडले होते.

"कपिला कशी हाय?"

"तिले दिसत नाही आता. भित्तीले डोकं लावून उभी हाय नुसती. डॉक्टर आले हायेत. दूध कोनी पेलं का, इचारून राह्यले."

कौशल्याबाईनं समोर पाहिलं. महाराज घंगाळात दोन्ही हातांनी काला कालवत होते. लाह्या, काकडी, लोणचं, आणि घरोघरचं दही. यंदा दह्याचं सगळ्यांत मोठं पातेलं तिचं होतं.

ती उठली. पुरुषांच्या बाजूनं, टाळकऱ्यांच्या मधून, सरळ घंगाळापाशी गेली. मृदंग अडखळला.

"महाराज, माह्यं दही काढून घ्या यातून."

महाराज हसले. "माय, काल्यात आता तुझं कोणतं आणि माझं कोणतं, कसं निवडू?"

"मंग वाटू नोका. माह्या गाईनं इख खाल्लं. दुधात उतरलं असन थे."

गुरुजींनी माईक घेतला. शिसं लेकरांच्या मेंदूत कसं जातं, हाडात कसं साठतं, ते सांगितलं.

सप्ताहाची सगळी उस्तवार रामराव बघायचे. म्हातारे चिडले असते तर बरं झालं असतं. ते मायेनंच म्हणाले, "किती असन गुरुजी, एवढ्याशा दह्यात?"

"तपासल्याबिगर सांगता येत नाही."

"पन होईनच काही?"

गुरुजींना खोटं बोलता आलं नाही. "कोनाले होईन, कोनाले नाही बी होनार."

मागून कोणीतरी ओरडलं, "कुटार सांभाळता आलं नाही, अन् आता देवाचा काला सांभाळून राह्यले!" मांडवात हसू पसरलं.

"हसू नोका बे," रामराव म्हणाले. "त्या नाल्याचं पानी आपन इतके वर्स पेलो, गुरुजी. तव्हा कोनाच्या हाती माईक नोता." मग ते कौशल्याबाईकडे वळले. "अन् तू व कौशल्ये? सात दिवस मांडव झाडला तू. तुह्या हातचं दही आमी उकिरड्यावर फेकू काय? येडी हायेस काय व माय?"

"फेका, दादा," ती म्हणाली. "पाया पडतो मी तुमच्या. फेका."

रामरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ओंजळ पुढे केली. "द्या महाराज. पह्यले मले द्या."

महाराजांची बोटं बराच वेळ घंगाळातच राहिली. ते एकदा गुरुजींकडे बघत, एकदा त्या ओंजळीकडे. तेवढ्यात मागून विठ्ठलाचा गजर उठला, लोक उभे राहिले, आणि काला वाटला जाऊ लागला.

माणसं एकेक करून कौशल्याबाईपुढे आली. प्रसाद कपाळाला लावून, तिला दिसेल असं, तिच्यासमोरच खाऊ लागली. "गोड हाय व, कौशल्ये." "असं दही तं कोनाच्याच घरचं नाही." पुष्पाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या मनासाठी म्हणून आणखी एक घास मागून घेतला. गुरुजी लोकांचे हात धरत होते, लोक हात सोडवून घेत होते.

तिच्याही हातावर कोणी काला ठेवला. तिनं मूठ घट्ट आवळली. बोटांच्या फटीतून दही निघालं, मनगटावरून कोपराकडे ओघळलं.

रामरावांची नात ओवी धावत आली. प्रसाद भुईवर पडू द्यायचा नसतो, हे तिला घरी शिकवलेलं. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून ती कौशल्याबाईच्या कोपराखाली उभी राहिली.

"आजी, पाह्य," थोड्या वेळानं ती म्हणाली. दह्यानं तिचं तोंड पांढरं झालं होतं. "एक थेंब सांडू नाही देला मी."