कानातला गाईड

अमडापूरच्या महामायाबाई निवृत्तीनंतर बायकांच्या ग्रुपबरोबर माल्टा बेटावर गेल्या. गुडघ्यांमुळे त्यांचे पती, धम्मरत्न सर, घरी एकटेच राहिले.

किल्ल्यापाशी सगळ्यांना इअरफोन मिळाले. पुढे चालणारा गाईड हिंदीतून माहिती सांगू लागला. महामायाबाईंच्या कानात मात्र भलताच आवाज आला, थेट वऱ्हाडी.

“हे फाटक. हा लिंबाखालचा ओटा. आता सांभाळून आत या.”

हे तर त्यांचंच घर! त्यांनी शेजारच्या पुष्पाबाईंना विचारलं, “तुमाले काय ऐकू येऊन राह्यलं?”

“किल्ल्याचंच सांगून राह्यला ना तो. काऊन?”

“ही मधली खोली,” कानातला आवाज दबका झाला. “सर इथं खाली पडेल हायेत. कोनी बोलू नका.”

त्यांनी लगेच घरी फोन लावला. इअरफोनमध्ये, त्या खोलीत, सरांचा फोन वाजू लागला. तो वाजतच राहिला.

“उशीर झाला आता,” आवाज म्हणाला. “चला, पुढच्या खोलीत.”

आणि त्यांच्या घरात पुष्कळ पावलं एकदम पुढे सरकली.