बारशाआधी

अकरा वर्षांनी हेमांगी उघड्या हातांनी उन्हात बसली होती. ल्युपसचा आजार झाल्यापासून घटकाभर ऊन लागलं तरी तिच्या गालांवर लाल चट्टे उठत आणि सांधे धरत. चाचणीतल्या नव्या औषधाचे पाच डोस झाले आणि सगळं ओसरलं.

डॉ. तांबोळी रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या गच्चीवर आल्या, त्या उतरल्या चेहऱ्यानंच.

"हेमांगीताई, हे औषध अंगातल्या परक्या पेशी शोधून मारतं. तुमचं रक्त त्यांच्याशीच भांडत होतं, म्हणून ते चट्टे उठायचे. पण त्या पेशी तुमच्या मुलाच्या होत्या. पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तुम्ही तर फॉर्मवर 'मूल नाही' असं लिहिलंय!"

हेमांगीनं रिपोर्ट हातात घेतला. नऊ दिवसांचा होऊन गेला होता तो. बारशाआधी गेलेलं मूल मोजायचं नसतं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. तेवीस वर्षं तिनं त्याला कुठंच मोजलं नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं तो... माझ्यातच होता?"

"हो. आधी कळलं असतं, तर तुम्हाला विचारल्याशिवाय औषध दिलंच नसतं."

"आता किती उरल्यात?"

"कालच्या डोसनंतर एकही नाही, ताई."

हेमांगीनं चेहरा थेट सूर्याकडे केला. डॉक्टरांनी दोनदा हाताला धरून उठवू पाहिलं, तरी ती हलेना. दुपार टळली. ती सारखी गाल चाचपत होती. एकही चट्टा उठला नाही.