उत्तर पोहोचण्याआधी

“झडप बसली एकदाची. आता आईचं सांग,” यानातून बहिणीचा आवाज आला आणि नियंत्रण कक्षातल्या टाळ्या विरल्या. सहकाऱ्यांनी माना खाली घातल्या. आई आदल्या दिवशी गेली होती.

यानाशी एकानेच बोलावे, असा कक्षाचा शिरस्ता होता आणि त्या एकाच्या खुर्चीत तिचा सख्खा भाऊ बसत असे. निघण्यापूर्वी तिने त्याला बजावले होते, “मागे काही बरंवाईट झालं, तर परतेपर्यंत मला कळवू नकोस. अर्ध्या वाटेत उतरता यायचं नाही मला.” त्याने शब्द दिला होता; म्हणून कालपासून तो हसऱ्या आवाजात बोलत होता.

यान इतके दूर गेले होते की इथले बोलणे तिथे पोहोचायला दहा सेकंद लागत आणि तिचे उत्तर यायला आणखी दहा. खोटे बोलणाऱ्याला ही उसंत म्हणजे वरदानच.

“आई ना? झकास आहे,” तो म्हणाला. “नर्सच्या नाकी नऊ आणलेत. सकाळी तिला म्हणाली, ‘बाई गं, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?’”

त्याने श्वास सोडला. तोच तिचा आवाज आला. इतक्यात उत्तर येणे शक्य नव्हते. त्याचे वाक्य अजून वाटेतच होते. ती त्यासाठी थांबलीच नव्हती.

“नको, राहू दे, दादा. उगाच खोटं बोलावं लागेल तुला. सकाळी दुरुस्तीला यानाबाहेर पडताना मला ‘सांभाळून गं’ म्हणालास. जन्मात कधी ‘धांदरट’शिवाय हाक मारली नाहीस. तेव्हाच कळलं.”

पडद्यावर ती डोळ्यांवर टॉवेल दाबून तरंगत होती. तिथे वजन नव्हते. अश्रू ओघळत नव्हते, डोळ्यांवरच साचत होते.

तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणतात. त्याचा शब्द तर अजून पोहोचलाही नव्हता, तरी हाती लागणार नव्हता.

मग टॉवेल खाली आला. मान कलती करून ती ऐकत होती. चहापाशी तिला हसू फुटले, आणि त्या हसण्यातच तिचा आवाज कापला.

“मग?” तिने विचारले. “मग काय म्हणाली आई?”